शिक्षक आणि बापपण

बापपणाची नोंद जन्मदाखल्यावर एकदाच होते. ते घडते मात्र रोजच्या कामांतून. मुलाला सकाळी उठवणे, दप्तर भरले की नाही ते पाहणे, तापात रात्री उशाशी बसणे, गणित अडले की शेजारी येऊन बसणे, रागावून झाल्यावर आपणहून पुन्हा बोलायला लागणे, अशी ही कामे आहेत. यातले एकेक काम सुटे पाहिले तर किरकोळ वाटते. वर्षानुवर्षे ती होत राहिली की त्यांतून मुलाचा वडिलांवरचा विश्वास उभा राहतो, आणि ती होत नसतील तर महागड्या शाळेची फी भरूनही तो उभा राहत नाही.

हे पाहायला शिक्षकाला चांगली जागा मिळते. तीस-चाळीस घरांतली मुले रोज काही तास त्याच्यासमोर असतात. घरात कसे बोलले जाते, चूक झाल्यावर काय होते, प्रश्न विचारला तर चालतो की नाही, याच्या खुणा मुलांच्या वागण्यात उमटलेल्या असतात. संध्याकाळी तोच शिक्षक बहुधा स्वतःही बाप म्हणून घरी जातो. त्यामुळे शिक्षकी पेशा आणि बापपण यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न त्याच्यापुरता राहत नाही; प्रत्येक घराला त्यातून काही घेता येते. मुलाकडे बारकाईने आणि धीराने पाहण्याची सवय बापाने शिक्षकाकडून घ्यावी. गुण देण्याचा आणि हुकूम सोडण्याचा अधिकार शाळेतच ठेवावा, असे या लेखाचे म्हणणे आहे.

बापाची जुनी जागा

महाराष्ट्रात मुलाच्या नावानंतर वडिलांचे नाव आणि मग आडनाव लावण्याची रीत आहे. शाळेच्या हजेरीपटापासून सातबाऱ्यापर्यंत वडिलांचे नाव माणसाच्या सोबत असते. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदींत आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लावणे राज्य सरकारने बंधनकारक केले, तोवर आईला या साखळीत जागा नव्हती. कायद्यातही असेच होते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 यानुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई. रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर आईची पालक म्हणून सही चालेल का, या वादातून गीता हरिहरन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बाप हयात असला तरी प्रत्यक्ष सांभाळ करत नसेल, तर आईही नैसर्गिक पालक ठरते, असा अर्थ न्यायालयाने 1999 मध्ये लावला. पालकत्वाचा आधार नात्याच्या पदापेक्षा प्रत्यक्ष सांभाळात शोधणारा हा निकाल म्हणूनच महत्त्वाचा आहे.

एवढे अधिकार असलेला बाप रोजच्या संगोपनात मात्र दूर उभा असे. एकत्र कुटुंबात तरुण बापाने वडीलधाऱ्यांदेखत स्वतःच्या मुलाला कडेवर घेणे बरे दिसत नसे. पुतण्याला खेळवता येई, पोटच्या पोराला जवळ घेताना संकोच आड येई. घरातले काका-आत्या ज्या नावाने हाक मारत, तीच हाक मुलेही मारत. म्हणून कितीतरी घरांत वडील हे दादा, भाऊ, अण्णा किंवा नाना असत. मुलांचे मागणे आईमार्फत वर जाई आणि वडिलांचा निर्णय आईमार्फत खाली येई. "बाबांना सांगू का?" एवढ्या धमकीवर घरची शिस्त चालत असे.

पोटापाण्यासाठी घर सोडणे हे या दुराव्याचे दुसरे कारण. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येई. एरवी मुलांना तो मनीऑर्डरीतून आणि पत्रातून भेटे. सातारा-सांगलीकडचा फौजी आणि आखाती देशांत काम करणारा कोकणी माणूस यांच्या घरांतही मुलांचे वाढणे बापाच्या पाठीमागे झाले. या माणसांनी कष्ट केले, पोटाला चिमटा घेऊन मुले शिकवली. त्यांची माया कमी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण कमावणे म्हणजेच बापपण, ही समजूत त्या परिस्थितीत घट्ट झाली, आणि परिस्थिती बदलल्यावरही ती टिकून राहिली. रोज संध्याकाळी घरी असणारा बापही आज कितीदा चाकरमान्यासारखाच वागतो: पैसे देतो, निकाल विचारतो, बाकीचे आईवर सोपवतो.

बापपणाची तीन अंगे

मानसशास्त्रज्ञ मायकेल लँब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात वडिलांच्या सहभागाची तीन अंगे मांडली. पहिले प्रत्यक्ष सहभागाचे: मुलाला भरवणे, त्याच्याशी खेळणे, त्याला वाचून दाखवणे. दुसरे उपलब्धतेचे: बाप शेजारच्या खोलीत काम करत असला तरी मुलाने हाक मारली तर ओ देईल, अशा अंतरावर असणे. तिसरे जबाबदारीचे: मुलाला काय लागेल याचा आधीच विचार करून ठेवणे.

यातले तिसरे अंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची मोजदादही होत नाही. लसीची पुढची तारीख कोणाच्या लक्षात असते? बूट घट्ट होऊ लागले हे कोणाला आधी कळते? उद्या हस्तकलेच्या तासाला घोटीव कागद न्यायचा आहे, हे दुकान बंद व्हायच्या आत कोणाला आठवते? बहुतेक घरांत या प्रश्नांचे उत्तर आई हेच आहे. बाप सांगितलेले काम करतो, आणायला सांगितले तर आणतो. पण काय आणायचे हे डोक्यात ठेवण्याचा भार आईच्याच डोक्यावर राहतो. घरकामात 'मदत करणारा' बाप आणि घराची जबाबदारी घेणारा बाप यांच्यात हा फरक आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर केलेल्या वेळ-वापर पाहणीत या असमतोलाचे आकडे मिळतात. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण 81.2 टक्के होते आणि हे काम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवत होती. पुरुषांत हे काम करणारे 26.1 टक्के होते आणि त्यांचा वेळ 97 मिनिटे होता. घरातल्या मुलांची, आजाऱ्यांची व वृद्धांची देखभाल करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण 14 टक्के, तर स्त्रियांचे 27.6 टक्के होते. म्हणजे देशातल्या बहुसंख्य पुरुषांच्या दिवसात देखभालीच्या नावाने एकही नोंद झाली नाही. नोकरीच्या वेळा, प्रवास, शेतीची कामे ही कारणे खरी आहेत; पण ती स्त्रियांनाही लागू आहेत, आणि बाहेर कमावणाऱ्या स्त्रीच्या वाट्याचे घरकाम तेवढ्याने सुटत नाही.

वर्गातून दिसणारे घर

पालकसभेला आया जास्त येतात, हा शाळांतला नेहमीचा अनुभव आहे. वडील येतात ते बहुधा निकालाच्या दिवशी किंवा तक्रार झाल्यावर. प्रगतिपुस्तकावर सही वडिलांची असते, पण मुलाला कोणता धडा अवघड गेला हे आईला ठाऊक असते. 'माझी आई' आणि 'माझे बाबा' हे दोन निबंध शेजारी ठेवले तर हा फरक मुलांच्याच अक्षरात वाचता येतो. आईवरच्या निबंधात दिवसभराचे बारकावे येतात: ती कधी उठते, डब्यात काय देते, कशावरून रागावते. बाबांवरच्या निबंधात त्यांची नोकरी, त्यांचे कष्ट आणि त्यांनी आणलेल्या वस्तू येतात. मुले खोटे लिहीत नाहीत. जे रोज दिसते ते लिहितात.

वर्गात याहून सूक्ष्म खुणाही असतात. एखादे मूल वहीवर आडवा हात ठेवून लिहिते, कारण चूक कोणी पाहू नये अशी त्याची धडपड असते. एखाद्याच्या बाकाशेजारून शिक्षक नुसते गेले तरी ते अंग चोरते. एखादी मुलगी उत्तर येत असूनही बोट वर करत नाही. उलट काही मुले चुकलेले उदाहरण मोकळेपणाने दाखवायला आणतात, "सर, हे कुठे बिघडलं?" असे विचारतात. या मुलांच्या घरी चुकीबद्दल बोलता येते, असा अंदाज बांधता येतो. अर्थात एका खुणेवरून घराविषयी निवाडा करणे चुकीचे आहे. मूल स्वभावाने लाजाळू असू शकते, त्याला कमी ऐकू येत असू शकते, घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असू शकते. जाणता शिक्षक म्हणून खुणा नोंदवतो, दिवसेंदिवस पडताळतो, आणि मगच पालकांशी बोलतो. घाईने निष्कर्ष न काढण्याची ही शिस्त बापालाही हवी.

काही शिक्षक, काही घरे

शिक्षकी वृत्ती आणि बापपण एकमेकांना कसे घडवतात, याची उदाहरणे आपल्या शिक्षणाच्या इतिहासात आहेत. गिजुभाई बधेका (1885–1939) हे सौराष्ट्रातल्या वढवाण येथे वकिली करत होते. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला. आपण ज्या मारझोडीच्या शाळेत शिकलो तिथे याला घालायचे का, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या शोधात ते मारिया माँटेसरी यांच्या विचारांपर्यंत पोहोचले. 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू झाले. शिक्षा आणि बक्षिसे यांना तिथे थारा नव्हता. गोष्टी, गाणी, हातांची कामे आणि मुलाचे स्वातंत्र्य यांवर भर होता. गिजुभाईंनी पालकांसाठीही स्वतंत्र लेखन केले. ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्यासोबत काम करत होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे ताराबाईंनी व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी केलेल्या कामातून हा विचार महाराष्ट्रात रुजला. एका बापाच्या मनात आलेल्या प्रश्नाचा धागा असा डहाणू तालुक्याच्या पाड्यांपर्यंत पोहोचतो. गिजुभाईंना लोक प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. यात गौरव आहे, आणि त्या काळाची एक समजूतही आहे: मुलांत रमणारा, त्यांची नखे कापणारा, त्यांना गोष्टी सांगणारा पुरुष लोकांना बापासारखा वाटला नाही, आईसारखा वाटला. आजच्या बापाने ही समजूत बदलायची आहे.

जोतीराव फुले यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे आसरा घेतलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी व सावित्रीबाईंनी 1874 मध्ये दत्तक घेतला. जातीच्या आणि रक्ताच्या हिशोबाने परक्या ठरणाऱ्या या यशवंताला त्यांनी वाढवले, वैद्यकीय शिक्षण दिले, आणि जोतीरावांनी 1887 च्या मृत्युपत्रात त्याला वारस केले. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी रुग्णसेवा केली तेव्हा डॉ. यशवंत त्यांच्यासोबत होते. बापपण जन्म देण्याने सिद्ध होत नाही, ते पत्करावे लागते आणि निभवावे लागते, हे या घराने दाखवले.

साने गुरुजींना स्वतःचे मूल नव्हते. 1924 ते 1930 या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे काम पाहत होते. घरापासून दूर आलेल्या मुलांच्या खोल्या ते झाडत, त्यांचे सामान नीट लावत, आजाऱ्यांची शुश्रूषा करत आणि मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत. मुलांना टापटिपीवर भाषण देण्याऐवजी त्यांनी खोली स्वतः झाडली, आणि थोड्याच दिवसांत मुले आपापल्या खोल्या झाडू लागली. महाराष्ट्राने त्यांना 'श्यामची आई'चे लेखक म्हणून डोक्यावर घेतले. त्या पुस्तकातली आई जे हाताने करून शिकवते, तेच लेखकाने अमळनेरला पुरुष असून केले होते, इकडे वाचकांचे फारसे लक्ष गेले नाही.

चौथे उदाहरण अवघड आहे, म्हणूनच ते टाळता येत नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे 1891 ते 1914 फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो हिंगण्याला गेल्यावर कॉलेज संपवून ते पुण्याहून तिथे पायी जात. त्यांचे 'आत्मवृत्त' 1915 मध्ये आले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण' 1944 मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच संसाराची ही दोन कथने एकापाठोपाठ एक वाचावीत. पहिल्यात संस्था केंद्रस्थानी आहे; दुसऱ्यात त्या संस्थेसाठी घराने सोसलेली ओढाताण आहे. समाजाला शेकडो मुली शिकवून मिळाल्या, आणि त्याची किंमत एका घराने मोजली. कर्व्यांचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी झिजणाऱ्या शिक्षकाच्या स्वतःच्या घरी कोणाच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे, आणि बाया कर्वे यांनी तो बजावला.

घरी आणण्याजोगे

शिक्षकाच्या कामातले जे घरी उपयोगी पडते, त्यात पहिले आहे चुकीचा अर्थ लावणे. दुसरी-तिसरीतले मूल 52 − 28 = 36 असे लिहिते. वहीत पाहणारा बाप म्हणतो, "चूक. पुन्हा कर." मूल पुन्हा करते आणि पुन्हा 36 लिहिते, कारण त्याच्या दृष्टीने त्याने नियम पाळलेला असतो. शिक्षक विचारतो, "तू हे कसं केलंस, मला सांग बरं." मूल सांगते, "आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन." आता कळते की त्याला वजाबाकी येते, मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा असा नियम त्याने मनाशी धरला आहे आणि दशक सुटा करण्याची पायरी त्याला उमगलेली नाही. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवल्या जातात. आठ काड्या द्यायच्या आहेत आणि हातात सुट्या दोनच आहेत, हे दिसल्यावर मूल आपणच एक गठ्ठा सोडते. बारातून आठ गेल्या, चार उरल्या, चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले, उत्तर 24. या साऱ्याला दहा मिनिटे लागतात. त्यात मुलाला वजाबाकीसोबत आणखी एक गोष्ट मिळते: माझ्या चुकीमागेही विचार असतो आणि बाबांना तो ऐकावासा वाटतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या संभाषणांचा अभ्यास करून दाखवले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर मुलांची उत्तरे लांब होतात, जास्त मुले बोलतात आणि स्वतःहून प्रश्नही विचारतात. घरात तर ही उसंत आणखी कमी असते. "आज शाळेत काय झालं?" या प्रश्नाचे "काही नाही" असे उत्तर येते, बाप मोबाइलकडे वळतो आणि संवाद तिथेच संपतो. तोच बाप भाजी निवडताना, स्कूटरवर जाताना किंवा दिवे मालवल्यावर गप्प शेजारी असेल, तर मूल पंधरा मिनिटांनी आपणहून सांगू लागते. अशा रिकाम्या वेळेची सोय करणे हे बापाचे काम आहे.

तिसरी गोष्ट शाबासकीची. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या मुलांच्या हुशारीचे कौतुक झाले ती पुढे अवघड प्रश्नांपासून मागे सरली. ज्यांच्या मेहनतीचे कौतुक झाले ती टिकून राहिली. अनुभवी शिक्षक हे वेगळ्या भाषेत जाणत असतो. "तू फार हुशार आहेस" यापेक्षा "हा परिच्छेद तू तीनदा लिहून पाहिलास, आता तो नीट वाचता येतो" या वाक्यातून मुलाला अधिक कळते, कारण त्यात बापाने खरोखर वही पाहिल्याचा पुरावा असतो.

चौथी गोष्ट सातत्याची. वर्गाचे नियम थोडे असतात आणि रोज तेच असतात. घरात बापाच्या मनःस्थितीप्रमाणे नियम बदलले, तर मूल नियम शिकत नाही, बापाचा चेहरा वाचायला शिकते. डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात संगोपनाच्या पद्धतींची मांडणी करताना हुकमी धाक आणि मोकाट सूट यांहून वेगळा मार्ग दाखवला: स्पष्ट अपेक्षा, त्यांची कारणे आणि सोबत माया. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली आहे. जे शाळेत गैर ठरले ते घरात संस्कार म्हणून चालू राहावे, याला कोणताही आधार नाही.

शाळेतच ठेवण्याजोगे

शाळेत मूल्यमापन लागते. घरात त्याची जागा फार लहान आहे. जेवताना पाढे विचारणे, पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावणे, शेजारच्या मुलाचे गुण काढून दाखवणे, यांमुळे घरातला प्रत्येक क्षण परीक्षेचा होतो. वर्गात नापास झालेल्या मुलाला संध्याकाळी एक जागा अशी हवी, जिथे त्याचे असणे निकालावर अवलंबून नाही. ती जागा घर आहे. ते घरही शाळा झाले, तर मुलाला परतायला ठिकाण उरत नाही.

शिक्षकाच्या स्वतःच्या मुलांना याचा ताण सर्वांत जास्त. बाप त्याच शाळेत असेल, तर मित्र त्यांच्याशी जपून बोलतात, इतर शिक्षक त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवतात आणि घरी आल्यावरही 'सर' समोर असतात. पक्षपाताचा आरोप नको म्हणून काही शिक्षक आपल्या मुलांशी वर्गात इतरांपेक्षा कठोर वागतात. हा कठोरपणा प्रामाणिक हेतूने येतो, पण मुलाला तो अन्यायच वाटतो, आणि ते बरोबर आहे. शक्य असेल तिथे मुलाचा वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे असावा. शक्य नसेल तर शाळेतला विषय शाळेच्या फाटकाबाहेर काढू नये. शिक्षकाचा धीर दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांवर खर्च होतो आणि घरच्यांसाठी थकवा उरतो, ही अडचणही खरी आहे. त्यावर घरी आल्यावर अर्धा तास स्वस्थ बसण्याची सवड मागून घेणे हा सरळ उपाय आहे. मात्र तेवढीच सवड पत्नीलाही मिळाली पाहिजे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप वेळेचा. बीड, अहिल्यानगरकडचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले सोबत नेली तर शाळा बुडते, हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे ठेवली तर आईबाप दुरावतात. मुंबईत पहाटेची लोकल पकडून रात्री परतणाऱ्या बापाला मूल जागे दिसते ते रविवारी. या माणसांना बापपणावर उपदेश करणे क्रूर आहे. त्यांच्या बाबतीत प्रश्न मजुरीचा, घरभाड्याचा आणि कामाच्या तासांचा आहे, आणि त्याचे उत्तर समाजाने द्यायचे आहे. तरीही दूर राहणाऱ्या बापाने फोनवर "अभ्यास कर" एवढेच सांगणे आणि "काल तुझ्या शेळीला पिल्लू होणार होतं ना, झालं का?" असे विचारणे, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रश्नात मागच्या बोलण्याची आठवण आहे. लँब यांच्या मांडणीतले जबाबदारीचे अंग अंतर असूनही जपता येते.

दुसरा आक्षेप धाकाचा. बाप इतका जवळ आला तर मुले ऐकणार नाहीत, असे म्हटले जाते. आज अनेक घरांत मुले वडिलांना 'अरे बाबा' म्हणतात, आईसारखेच एकेरीत बोलावतात, आणि जुन्या माणसांना ते खटकते. वर्गाचा अनुभव या भीतीला दुजोरा देत नाही. छडी वापरणाऱ्या शिक्षकाच्या तासाला शांतता असते, पण त्याची पाठ वळली की वर्ग सुटतो. ज्याच्याशी मुले मोकळी असतात, त्याने नापसंती दाखवली तरी ती त्यांना लागते. धाकाने मूल पकडले जाऊ नये याची काळजी घेते; जवळिकीने ते चूक कबूल करायला येते. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हा फरक जिवावरचा ठरू शकतो, कारण त्या वयातल्या संकटांत मूल बापाकडे येते की नाही, यावर बरेच काही ठरते.

तिसरा आक्षेप असा, की ज्याला स्वतःला असा बाप मिळाला नाही तो हे कुठून शिकणार? आई तरी हे जन्मजात घेऊन येते कुठे? तीही पहिल्या बाळाला आंघोळ घालताना घाबरते, विचारते, करत करत शिकते. बापाला लहानपणापासून या कामांपासून दूर ठेवले जाते, म्हणून ती त्याला येत नाहीत. कोणतीही कौशल्ये जशी सरावाने येतात तशी हीही येतात, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

शाळेचा आणि शासनाचा वाटा

वैयक्तिक सुधारणेला व्यवस्थेची जोड हवी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. 2017 च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली. खासगी क्षेत्रातल्या बापासाठी मात्र देशव्यापी कायद्याने अशी रजा दिलेली नाही. बाळंतिणीला विश्रांती लागते आणि स्तनपान आईनेच करायचे असते, म्हणून दोन्ही रजा सारख्या असाव्यात असे नाही. पण पहिले काही आठवडे बाप घरात नसेल, तर बाळ सांभाळण्याचे सारे कौशल्य एकाच व्यक्तीकडे जमा होते आणि पुढची कामाची वाटणी तिथेच ठरून जाते.

शाळाही बरेच करू शकतात. पालकसभा शनिवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी घेतली, तर कामावर जाणारे आईवडील दोघेही येऊ शकतात. निरोप दोघांच्या फोनवर पाठवावा. तक्रारीसाठी वडील आणि डब्यासाठी आई, ही शाळेच्याच कर्मचाऱ्यांनी लावलेली वाटणी सोडून द्यावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. या समितीतल्या वडिलांनी बांधकाम आणि निधी यांच्या पलीकडे जाऊन वाचनाच्या तासाला वर्गात येऊन बसावे. अभ्यासक्रमात कार्यानुभवाचा विषय आहेच. त्यात मुलगे भाजी चिरायला, बटण लावायला, लहान भावंडाला भरवायला शिकले, तर वीस वर्षांनी बाप होताना त्यांना ते नव्याने शिकावे लागणार नाही. ज्या शाळेत पुरुष शिक्षक बालवर्गातल्या मुलाचे नाक पुसतात, तिथल्या मुलांना पुरुषांच्या कामाची वेगळी व्याख्या कोणी समजावून सांगावी लागत नाही.

मूल मोठे होते तसे बापाचे काम बदलते. बाळाला त्याचे हात हवे असतात, शाळकरी मुलाला त्याचा वेळ, किशोराला त्याचा कान, आणि तरुण मुलाला किंवा मुलीला आपला मार्ग निवडण्याची मोकळीक. चांगला शिक्षक वर्षअखेरीस मुलांना पुढच्या वर्गात पाठवतो आणि आपल्यावाचून त्यांचे अडू नये यातच आपल्या कामाचे यश मानतो. बापाचे यशही यातच आहे. फरक एवढाच, की शिक्षकाला दर जूनमध्ये नवा वर्ग मिळतो. बापाच्या हाती एकेका मुलाचे बालपण एकदाच येते. म्हणून ते उद्यावर टाकता येत नाही, आणि आईवर सोपवून मोकळे होता येत नाही.